आश्वासनाचा टँकर

सकाळी संयुक्ताबाईंनी नळ सोडला तर नुसती हवा आली. पलंगावर नवरा नव्हता. दाराशी चपला नव्हत्या. फोन लावला तर बंद.

निघाले म्हणायचे दौऱ्यावर.

बालाजीराव महाराष्ट्रात दोनदा राज्यमंत्री होते, पण त्यांनी कधी कुणाला नाही म्हणून म्हटलं नाही. कुणी काही मागितलं की "होऊन जाईल" म्हणायचं, आणि गोष्ट अंगाशी आली की दौरा काढायचा. तिकडे ते खपलं, कारण मागणारा लांब कुठल्या तरी तालुक्यात राहायचा. आता मुलीजवळ राहायचं म्हणून चेन्नईत, वेस्ट मांबलमला आले, तर मागणारा समोरच्याच दारात.

हे समोरचे राघोत्तम म्हणजे तंजावरकडचे मराठी, बँकेतून निवृत्त झालेले. आज त्यांच्या हरिप्रियाचा साखरपुडा, तोही बिल्डिंगच्या गच्चीवर, आणि बोअर आटलेली. परवा जिन्यात ते सहज म्हणाले, "पाण्याचीच काळजी आहे, सर." झालं. बालाजीरावांचा हात त्यांच्या खांद्यावर. "टँकरचं माझ्यावर सोडा. होऊन जाईल."

गावाकडे लोक तोंडावर नमस्कार करायचे आणि पाठ वळली की हसायचे. चाळीस वर्षं बाईंनी ते गिळलं होतं. काल रात्री त्यांनी सुनावलंच, "इथं तरी मला मान वर करून राहू द्या हो." ह्यांनी ऐकून घेतलं, आणि पहाटेच पोबारा केला.

वर आचारी रिकामी पातेली घेऊन बसला होता. बाईंनी जीव मुठीत धरून समोरची बेल वाजवली.

"राघोत्तमजी, तोंड दाखवायची लाज वाटते. टँकर येणार नाही. हे गेलेत कुठंतरी."

"सेरी, ठीक आहे, अक्का," राघोत्तम लुंगीसारखी नेसलेली वेष्टी सावरत म्हणाले, "आधी कॉफी घ्या."

"अहो, कॉफी कसली? पाणी कुठंय?"

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. बाई धावतच उतरल्या. टँकर आला होता, जमिनीखालच्या टाकीत पाइपही सोडला होता. पण ड्रायव्हरशेजारी हे नव्हते.

"हा मी मागवलेला," मागून आलेले राघोत्तम ओशाळून म्हणाले. "रागावू नका. सरांनी शब्द दिला, त्याच दिवशी बुक केला. आमच्याकडेही निवडणुका होतात, अक्का."

बाईंना हायसं वाटलं, आणि त्याहून जास्त झोंबलं. टाकी काठोकाठ भरली तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला.

"अगं, माझी बॅटरी गेली. ड्रायव्हरच्या फोनवरून बोलतोय. पहाटेपासून पाण्याच्या रांगेत होतो. मी, रांगेत. कुणी ओळखलं नाही, उलट ढकललं. पण मिळवला टँकर. पाच-दहा मिनिटांत पोचतो. राघोत्तमना सांग, शब्द पाळला म्हणून."

असा आवाज बाईंनी शपथविधीच्या दिवशीही ऐकला नव्हता. त्यांना भडभडून आलं. जन्मात पहिल्यांदा माणसानं शब्द पाळला, आणि टाकीत थेंबभर जागा नाही.

"भाऊ," त्यांनी राघोत्तमांपुढे हात जोडले, "हा टँकर मागच्या गल्लीनं काढा. पाणी आलंच नाही असं भासवा. एवढं माझं ऐका."

राघोत्तमांनी टाकीकडे पाहिलं, मग बाईंकडे. "माझ्यावर सोडा, अक्का. होऊन जाईल."

बाईंचा चेहरा पडला. हे शब्द त्या चांगल्या ओळखून होत्या.

बालाजीरावांचा टँकर वळला. घामानं थबथबलेले बालाजीराव खिडकीतून अर्धे बाहेर आले होते. फाटकात अख्खी बिल्डिंग रांगेनं उभी होती. राघोत्तम, आचारी, शेजारणी, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची रिकामी घागर आणि चेहऱ्यावर चार दिवसांची तहान.

शेवटी हरिप्रिया, कांजीवरम नेसून. आत्ताच भरलेली तिची घागर घाईत नीट रिकामी झाली नव्हती, बुडाशी ठिबकत होती. संयुक्ताबाई हळूच तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, मान वर करून.