बिबट्याची पडताळणी

बाळांनो, एका जंगलात ओरडायची फार चांगली पद्धत होती. बिबट्या दिसला की झाडावरून वानर खाकरायचा, मग मोर केकाटायचा, मग भेकर भुंकायचं. एकट्याचं कुणी फारसं मनावर घ्यायचं नाही, कारण वानर कधीकधी उगीचच खाकरतो. पण तिघंही ओरडले की पाणवठा रिकामा!

सिंहमहाराजांना मात्र हा गोंगाट वाटे. त्यातच शेजारच्या जंगलात पाणवठ्यावर मोठा स्क्रीन लागल्याचं त्यांच्या कानावर आलं. झालं! महाराजांचं जेवणावरचं मन उडालं.

त्यांनी साळिंदररावांना बोलावलं. साळिंदरराव शहरातल्या प्राणिसंग्रहालयात राहून आलेले. तिथे प्रत्येक पिंजऱ्यावर माहितीची पाटी असते, म्हणून त्यांना माहितीतलं सगळं कळतं असं सगळे धरून चालत. तिथे बिबट्यासुद्धा पिंजऱ्यात असतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"महाराज, आपल्याकडे माहिती भरपूर आहे, पण ती झाडाझाडांवर सांडलीय," साळिंदरराव म्हणाले. "ती सगळी एका ढोलीत आणू. तिथे निवडू, पाखडू, तपासू आणि मग स्क्रीनवर सोडू."

"आणि माझा फोटो?"

"तो न तपासता सोडू."

दवंडी पिटली गेली. यापुढे परस्पर ओरडायचं नाही. जे दिसेल ते वडाच्या ढोलीत येऊन सांगायचं. पाणवठ्यावर स्क्रीन लागला. जंगलात वीज कुठून आली असं विचारू नका, गोष्टीतली वीज कधी जात नसते. 'मोहाला बहर', 'महाराजांची प्रसन्न जांभई' अशा बातम्या झळकू लागल्या. खरं सांगतो, दिसायचं छान.

चंद्री नावाच्या चितळीला नुकतंच पाडस झालं होतं. पूर्वी ती कान टवकारून पाणी प्यायची. आता ती स्क्रीनकडे बघत पिऊ लागली.

एके दुपारी भुऱ्या वानराला गवतात बिबट्याची शेपटी दिसली. समोर पाण्यावर चंद्री आणि तिचं पाडस. भुऱ्याच्या घशाशी ओरडणं आलं, पण त्याने ते गिळलं आणि तडक ढोली गाठली. पाठोपाठ मोर आला. धापा टाकत भेकर आलं.

"बिबट्या! पाणवठ्यावर!" तिघंही एकदम म्हणाले.

साळिंदररावांनी कपाळाला हात लावला. "एकच बातमी तीनदा? हाच तो आपला जुना गबाळेपणा!" त्यांनी मोराची आणि भेकराची बातमी केरात टाकली. मग भुऱ्याची हातात घेतली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही तर एकट्याचीच आहे. दुजोरा कुठाय?"

"अहो, दुजोरा तुमच्यासमोर उभा आहे! हा मोर, हे भेकर!"

"त्यांच्या बातम्या आत्ताच केरात टाकल्या ना? आता दुजोरा येईपर्यंत थांबायचं."

तिकडे स्क्रीनवर झळकलं, 'पाणवठा शांत'. आता ओरडणारे सगळे ढोलीत म्हटल्यावर पाणवठा शांतच असणार.

"पी बाळा, सावकाश पी," चंद्री पाडसाला म्हणाली.

ढोलीच्या तोंडाशी बसलेल्या भुऱ्याला पाडसाचे हलणारे कान दिसत होते आणि गवतही हलताना दिसत होतं. मला तर त्या वानराची दया येते, बाळांनो. ओरडावं तर महाराजांचा रोष, गप्प बसावं तर डोळ्यांदेखत पाडस जाणार. शेवटी त्याला राहवलं नाही. तो वडाच्या शेंड्यावर चढला आणि जन्मात खाकरला नव्हता असा खाकरला. मोर केकाटला, भेकर भुंकलं. चंद्री पाडसाला घेऊन पसार झाली आणि बिबट्याची झेप थेट चिखलात पडली.

चिखल न पुसताच बिबट्याने दरबार गाठला. "महाराज, स्क्रीनवर शांतता जाहीर झालेली असताना हे ओरडलेच कसे? मी बिचारा स्क्रीनच्या भरवशावर आलो होतो."

महाराजांना ते पटलं. भुऱ्याला सक्त ताकीद मिळाली. साळिंदररावांचा मात्र सत्कार झाला, कारण स्क्रीन लागल्यापासून पाणवठ्यावर एकही बळी गेला नव्हता. शाल काट्यांवर नीट बसेना, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी चंद्री पाण्यावर आली ती कान वर करून, स्क्रीनकडे पाठ फिरवून. पाडसही आईसारखंच उभं राहिलं. हळूहळू सगळं जंगलच तसं पाणी पिऊ लागलं. वडाच्या शेंड्यावरून भुऱ्या पुन्हा खाकरू लागला. विचारलं तर म्हणे, "घसा बसलाय."

महाराज लांबून बघत होते. त्यांचा ऊर भरून आला.

"वा साळिंदरराव! स्क्रीनपाशी केवढी ही गर्दी!"

तात्पर्य: संकट दिसलं की आधी ढोलीत कळवावं. पडताळणी झाली की ते स्क्रीनवर येईलच. तोवर जिवंत राहणं ही ज्याची त्याची जबाबदारी आहे.