चंद्राक्कांचा क्लच

मोटारसायकल दिसली की लोक आधी रंग बघतात, मग टाकी, मग दिवा. चंद्राक्का आधी इंजिनावर तळहात ठेवत. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. इंजिन कोमट लागलं की विकणाऱ्याकडे वळून विचारत, "आम्ही यायच्या आधी फिरवून का आणली?"

विकणारा गडबडून जाई. थंड गाडीच्या क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटलेल्या असल्या तर ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं, आणि ते लपवायचं तर गाडी आधी तापवून ठेवायची, ही युक्ती अक्कांना पाठ होती. म्हणून त्या दहाची वेळ ठरवत आणि नऊलाच जाऊन उभ्या राहत.

साठीला टेकलेल्या, मोकळ्या कपाळाच्या, नऊवारीतल्या विधवा बाई. हातात कापडी पिशवी, पिशवीत मागच्या सीटवर अंथरायला घडी घातलेलं कांबळं. बंगळुरात जुनी मोटारसायकल घ्यायची तर चिकपेटेतल्या चंद्राक्कांना घेऊन जायचं, असा तेव्हा आमच्या ओळखीपाळखीत शिरस्ताच होता.

मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहायचो. मूळचा निपाणीचा. निपाणी म्हैसूर राज्यात जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि नोकरीने मला इथल्या कचेरीत आणून टाकलं होतं. अक्कांनी माझं नाव कधी उच्चारलं नाही. पहिल्या दिवसापासून मी 'निपाणी'. "निपाणी, पाणी आलंय रे." "निपाणी, तुझं पत्र." त्यांचं घराणं तीनशे वर्षांपासून बंगळुरात. त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं असे की कुठली भाषा कुठे संपली ते कळू नये.

या बाईला क्लच कळतो कसा, हे मी पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांना विचारलं. शेजारी ते सांगायला टपूनच बसलेले होते.

अक्कांचे यजमान लढाईत मोटारसायकलवरून टपाल पोचवायचे. परत आले ते डाव्या हाताची बोटं गमावून. अंगठा आणि एक बोट उरलं. हँडल धरता येई, पण क्लच दाबता येईना. गाडीशिवाय त्यांना चैन पडेना. शेवटी त्यांनी साइडकार लावलेली एक गाडी घेतली आणि मिस्तरीकडून लांब केबल घालून क्लचची मूठ साइडकारच्या काठावर बसवून घेतली. यजमान गाडी चालवत आणि साइडकारमध्ये बसलेल्या अक्का क्लच दाबत. ते म्हणत "धर", की या दाबत. ते म्हणत "सोड", की या सोडत. पुढे पुढे बोलायचीही गरज उरली नाही. एवढंच की, ज्या दिवशी घरात भांडण झालेलं असे त्या दिवशी ती गाडी चिकपेटेतून बेडकासारखी उड्या मारत जाई आणि दुकानदार एकमेकांना म्हणत, "आज स्वयंपाक नाही झालेला."

अशी नऊ वर्षं. मग यजमान गेले, गाडीही गेली. अक्का पुतण्याच्या संसारात राहू लागल्या.

मला गाडी हवी होती ती निपाणीला जाण्यासाठी. आई तिथे एकटी होती. रेल्वेने जायचं म्हणजे बेळगावला उतरून पुढे बस बदला, आणि सुट्टी सगळी त्यातच संपायची. आईला लिहिलं, 'या दिवाळीला मोटारसायकलवरून दारात येतो.' आणि अक्कांना विचारलं.

"लांबची गाडी पाहिजे की गल्लीतली?" त्यांनी उलट विचारलं.

"लांबची. निपाणीपर्यंत."

त्यांनी पिशवीतल्या कांबळ्याची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "सरी, ठीक. रविवारी."

पहिली गाडी पाच मिनिटांत बाद झाली. अक्का म्हणाल्या, "किक मार." मी मारली. पाय खाली गेला, पण इंजिन हललंच नाही, नुसती भाकरी फिरवल्यासारखी किक फिरली. "किकचा जोर क्लचमधूनच जातो. चकत्या झिजल्यात. चल." दुसऱ्या गाडीचा क्लच दाबून मी पहिला गिअर टाकला, तर मूठ पूर्ण दाबलेली असूनही ती हळूहळू पुढे सरकायला लागली. मालक म्हणाला, उतार आहे. अक्कांनी पिशवीतून लिंबू काढून रस्त्यावर ठेवलं. लिंबू जागचं हललं नाही. ते लिंबू नेमकं यासाठी आणलं होतं की बाजारातून घेतलं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

तिसरी गाडी एका निवृत्त रेल्वे गार्डाची. साडेतीनशे सीसीची, इंग्रजी बनावटीची, मुलीसारखी जपलेली. थंड इंजिन, किक घट्ट, केबलची एकही तार तुटलेली नाही. मूठ सोडताना गाडी इतकी अलगद निघाली की अक्कांनी डोळे मिटले.

"आता नंदी," त्या म्हणाल्या.

लांबच्या गाडीची परीक्षा गल्लीत होत नाही, असं त्यांचं म्हणणं. तीस मैल पळवून इंजिन तापवायचं आणि तशीच नंदीच्या डोंगरावर घालायची. क्लच निसटत असेल तर चढावर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी मागेच राहते. गार्डसाहेबांकडे माझी सायकल तारण ठेवली आणि आम्ही निघालो. अक्का मागे कांबळ्यावर एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, एक हात माझ्या खांद्यावर. देवनहळ्ळी मागे पडलं. डोंगराला लागलो आणि मी वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरची मूठ पिळली. गाडी बिनतक्रार चढत गेली. वर पोचलो तेव्हा मी मनातल्या मनात निपाणीच्या वेशीत शिरलो होतो.

परतताना देवनहळ्ळीला कॉफीला थांबलो. अक्कांनी पेला खाली ठेवला.

"नको रे ही."

"का? किती सुंदर चढली!"

"तापल्यावर सुटतोय. तुला नाही कळायचं."

अक्कांच्या शब्दापुढे बोलायची सोय नव्हती. गार्डसाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी टाकीवरून फडकं फिरवलं. मग चौथी गाडी आली. नंदी, देवनहळ्ळी, कॉफी, "नको रे." मग पाचवी. तीही नको. दिवाळी येऊन गेली. मी बंगळुरातच, कचेरीतल्या एकाकडे फराळ करून.

त्यानंतर आईचं पत्र आलं. माझी पत्रं अक्कांना वाचून दाखवायची पद्धत होती. मराठी अक्षर त्यांना नीट लागत नसे, पण ऐकायला आवडे. आईने लिहिलं होतं, 'मोटारसायकलचा आवाज आला की रस्त्यावर जाऊन बघते. तिन्ही दिवस पाहिलं. करंज्या डब्यात आहेत, वास येईल आता. कामामुळे जमलं नसेल, वाईट वाटून घेऊ नकोस.'

मी पत्राची घडी घातली. अक्का उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो, तर जिन्यावर धाप ऐकू आली. अक्का माडीवर कधी चढत नसत. गुडघे दुखत. दारात उभ्या राहिल्या, चौकट धरून.

"गार्डाकडे जाऊन आले," त्या म्हणाल्या. "घोड्याच्या जटक्याने. गाडी आहे अजून. मी नको म्हटल्यावर दुसरं कोण घेणार?"

"पण अक्का, तिचा क्लच तर..."

"क्लच चांगला आहे. खोटं बोलले मी. त्यालाही तसं सांगून आले. म्हटलं, तुमच्या गाडीवर मी आळ घेतला, माफ करा."

चेहऱ्याला साबण तसाच.

"पुढच्या दोन?"

"एक चांगली होती. एक खरंच बिघडलेली." त्या खाटेच्या कडेवर बसल्या. "अय्यो, कसं सांगू तुला. आमचं मूळ गाव तिकडे वर. साताऱ्याच्या बाजूला, निंबवाडी. घरात सगळ्यांना नाव पाठ, पाहिलेलं एकानेही नाही. तीनशे वर्षांत एकानेही. ह्यांनी म्हटलं, आपण जाऊ. गाडीनेच जाऊ. निघायच्या आदल्या दिवशी विचारलं मला, क्लच कसा वाटतो? मूठ तर माझ्या हातात. हाताला कळलं होतं मला, स्वस्थ नाही म्हणून. पण उघडायला दिला असता तर चार दिवस गेले असते. मला जायची घाई. म्हटलं, चांगला आहे."

"मग?"

"बेळगावच्या पुढे घाट आहे ना, तुमच्या निपाणीच्या अलीकडे. तिथे चकत्या जळल्या. धूर. लॉरीत घालून गाडी बेळगावला आणली, आम्ही रेल्वेने परत. ह्यांनी एक शब्द बोलला नाही मला. म्हणाले, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी तेच नव्हते."

खाली नळावर भांडी घासल्याचा आवाज येत होता.

"म्हणून लोकांच्या गाड्या बघते. कोणी अर्ध्या वाटेवरून परत येऊ नये म्हणून. त्यानंतर कधी खोटं नाही बोलले. पण तू तिकडेच जाणारा. आणि नंदीला जाताना, तो वारा... गाडी घेतलीस की संपलंच. बाईमाणूस कामाला गेलं तर कोणी विचारत नाही. उगाच फिरायला कसं जायचं? म्हटलं, आणखी एकदा. मग आणखी एकदा." पदराच्या टोकाने त्यांनी डोळे पुसले नाहीत, घाम पुसला. "तुझ्या आईची दिवाळी गेली त्यात."

मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण तो जिन्याच्या दोन पायऱ्यांइतकासुद्धा टिकला नाही. मी म्हटलं, "अक्का, चला माझ्याबरोबर. आईला भेटा, मग पुढे निंबवाडीला नेतो."

त्या हसल्या. "पुतण्या घरात घेईल का परत? आणि गुडघे? नंदी म्हणजे सकाळी जाऊन दुपारी घरी. तू जा."

गार्डसाहेबांची गाडी घेऊन मी मार्गशीर्षात निपाणीला गेलो. बेळगावच्या पुढचा तो घाट ती एका दमात चढली. आईने गाडीला हळदकुंकू लावलं आणि वास लागलेल्या करंज्या मला खाऊ दिल्या नाहीत, नव्या केल्या. आठ दिवस राहिलो.

परत आलो त्या दुपारी अक्का ओसरीवर शेंगा सोलत होत्या. क्लचबद्दल विचारतील म्हणून मी सगळं तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "घाट चढून वर गेल्यावर काय दिसतं?"

तो घाट मी लहानपणापासून पन्नासदा ओलांडला असेन. वर काय दिसतं ते कधी बघितलं नव्हतं.

"जोंधळ्याची शेतं," मी म्हटलं. "मग रस्ता खाली उतरतो. एक विहीर आहे, मोट चालू होती. पुढे तंबाखूची शेतं लागतात, वास येतो."

"मग?"

"मग निपाणी."

"आणि मग?"

"मग कागल. कोल्हापूर."

शेंग त्यांच्या हातात तशीच होती. "आणि मग?"

कोल्हापूरच्या पुढे मी जन्मात गेलो नव्हतो. अक्कांनी डोळे मिटले होते. मी म्हटलं, पुढे एक मोठी नदी लागते, पूल आहे, पुलावर गार वारा असतो. मग दोन्ही बाजूंना आंब्याची झाडं. मग डोंगर जवळ येतात, आणि एक फाटा फुटतो डावीकडे, कच्चा रस्ता, तिथे एका दगडावर निंबवाडी लिहिलंय.

"मराठीत?"

"मराठीत."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "आता स्वल्प हळू सांग रे. गाव आलं."