नवा कन्सोल आणि वाकडं अंगण

वायरिंगच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. लिफ्ट दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. मी केलेल्या जोडणीच्या भरवशावर माणसं डोळे मिटून वर-खाली करतात. तेव्हा नवा गेम कन्सोल घ्यायचा की नाही, हेही मी पद्धतशीरच ठरवणार होतो.

खरं दुखणं सांगतो. आमच्याकडे टीव्हीवर फुटबॉलची गेम चालते आणि तीत सासूबाई मला धुऊन काढतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर विरंगुळा म्हणून कंट्रोलर त्यांच्या हातात मीच दिला, म्हणजे आ बैल मुझे मार. आता गोल मारून वर विचारतात, "लागलं का हो जावईबापू?"

"दोष माझा नाही, कन्सोल म्हातारा झालाय," मी बायकोला म्हणालो. "बटण दाबलं की खेळाडू विचार करत बसतो."

"नाचता येईना, अंगण वाकडं," ती म्हणाली.

हे मात्र लागलं. मी मेहुण्याचा नवाकोरा कन्सोल रविवारपुरता मागून आणला. पैज ठरली: नव्यावर मी जिंकलो तर घ्यायचा, हरलो तर अंगणाबद्दल ब्र काढायचा नाही.

टीव्हीमागच्या गुंत्यात हात घालून, एक प्लग काढून एक लावून, मी चुटकीसरशी जोडणी केली. कंट्रोलर तेवढे जुनेच ठेवले, कारण सासूबाई म्हणाल्या, "हातातलं हत्यार मी बदलत नसते."

"बघ, गवताचं पातं न् पातं दिसतंय," मी बायकोला दाखवलं. "खेळाडूंचा घाम बघ. याला म्हणतात मशीन!"

"मला तर सगळं तसंच दिसतंय."

"त्याला नजर असावी लागते."

पहिला गोल माझा. मग त्यांनी बरोबरी केली. आणि अगदी शेवटी माझ्या खेळाडूने असं काही डोकं घातलं की बॉल थेट जाळ्यात! जिंकलो! मी उशी डोक्यावर घेऊन सोफ्याला प्रदक्षिणा घातली. सासूबाई हातातला कंट्रोलर उलटापालटा करून बघत होत्या. तेवढ्यात बेल वाजली. दारात मेहुणा, हातात एक काळी वायर.

"भावोजी, पॉवरची वायर द्यायलाच विसरलो. हिच्याशिवाय तो चालू कसा होणार?"

बायकोने टीव्हीमागे वाकून पाहिलं. नवा कन्सोल थंडगार पडला होता. मी जुन्याचाच प्लग काढून जुन्याचाच परत लावला होता.

"म्हणजे अंगण सरळ आहे," बायको म्हणाली.

"ही मॅच धरायची नाही," सासूबाई लगेच म्हणाल्या. "वायर आलीय. जोडा नवा, पुन्हा खेळू. जिंकलात तर घ्या."

कन्सोल की विजय? स्कोअर अजून पडद्यावर झळकत होता. माझ्या बाजूचा आकडा मोठा, हे दृश्य मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो.

"मॅच धरायची," मी म्हणालो. "कन्सोल नको मला." आणि ताठ मानेने तो मेहुण्याच्या स्वाधीन केला.

पुढच्याच आठवड्यात घरात नवा कन्सोल आला. सासूबाईंनी स्वतःसाठी घेतला.

"जुना बिघडलाय," त्या म्हणाल्या. "नाहीतर तुम्ही जिंकला असतात का?"

त्यांना मात्र बायकोने अंगणाची म्हण ऐकवली नाही. आई पडली ना!

कन्सोल त्यांच्या खोलीत आहे. दार वाजवून गेलं तर मलाही खेळायला मिळतं. जोडणीसाठी तेवढा त्यांनी बाहेरचा माणूस बोलावला.