कंसाबाहेरचा वजा

चंदाला बीजगणित मीच शिकवणार, असं मी एकदा बोलून गेलो आणि तिथेच फसलो.

एकसष्ट साल. लग्नानंतर आठ वर्षांनी आमची चंदा बाहेरून एस.एस.सी.ला बसत होती. पास झाली तर गावच्या शाळेत बाई म्हणून लागणार होती. मी मिठागराच्या कचेरीत कारकून. (बीजगणित मला सुटत नसे, म्हणून मीच त्याला सोडलं होतं.) पण नवऱ्याने माघार कशी घ्यावी?

"कंसाबाहेर वजा असला, की आतल्या पहिल्याचंच चिन्ह बदलायचं," मी ठणकावलं. "दारात उभा असतो, त्यालाच दणका!"

चंदा मान डोलवायची.

पेपरच्या दिवशी ती सकाळच्या लाँचने मुंबईला गेली. मी कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या जयदेवला ऐट दाखवायला गणित मांडलं: ५क्ष − २(क्ष − ३) = २१. "उत्तर नऊ!"

"नऊ घालून बघ," जयदेव म्हणाला. "पंचेचाळीस वजा बारा, तेहतीस. एकवीस कुठं हाय? अरे, वजा असला की कंसातल्या सगळ्यांचीच चिन्हं बदलतात. उत्तर पाच!"

चंदाला तर मी नऊवालंच शिकवलं होतं! पेपर दोनला. मोऱ्याच्या धक्क्यावर धावलो, तर ओहोटी! लाँच लांब पाण्यात. गुडघाभर चिखल तुडवत चढलो. एक चप्पल चिखलानेच ठेवून घेतली. भाऊच्या धक्क्यापर्यंत मी नुसता "वजा, वजा" पुटपुटत होतो. शेजारची कोळीण टोपली घेऊन सरकून बसली.

शाळेच्या फाटकाशी पोचलो, तेव्हा घंटा होऊन गेली होती.

"आत माझी बायको आहे!" मी शिपायाला म्हणालो. "तिला सांगा, कंस सोडताना..."

"आत कंस कुनी नाय. समद्या बायाच हायत."

शेवटी भिंतीशी जाऊन मीच ओरडलो, "सगळ्यांची चिन्हं बदलतात होऽऽ!" शिपायाने बखोट धरून मला कोपऱ्यापर्यंत पोचवलं.

पाच वाजता चंदा हसत बाहेर आली.

"कंसाचं गणित?" मी विचारलं.

"बरोबर आलं. तुमचं उत्तर पुस्तकाशी पहिल्याच दिवशी जुळेना. मग दुपारी शाळेतल्या सुमित्राबाईंकडे जाऊन शिकले. तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून बोलले नाही."

"मग मी ओरडलो ते...?"

"ऐकलं ना! पर्यवेक्षक बाईंनी विचारलं, या वेड्याला कुणी ओळखतं का?"

"मग?"

"सगळ्या गप्प बसल्या," चंदा म्हणाली. "मीसुद्धा."