दहा मिनिटं पंचेचाळीस सेकंद

"मुलगी तीन हजार मीटर दहा मिनिटं पंचेचाळीस सेकंदांत धावणार," असं तिच्या वडिलांनी मंगळवारी रात्री जेवता जेवता जाहीर केलं.

"चार-पाच सेकंद इकडेतिकडे होतील," आई म्हणाली.

"होणार नाहीत."

मुलीने मान वर केली नाही. तिला दुसऱ्या दिवशी भूगोलाची चाचणी होती आणि पुस्तक ताटाला टेकवून उभं केलेलं होतं.

वडील बस डेपोत वेळापत्रकं करत. बावीस वर्षं हेच काम केल्यामुळे डेपोत त्यांना सगळे टाइमटेबलसाहेब म्हणत, आणि ते त्यांना मनातून आवडायचं. बस उशिरा आली तर चूक रस्त्याची, ड्रायव्हरची, फार तर टायरची. वेळापत्रकाची चूक आजवर कोणी दाखवून दिली नव्हती. दहा पंचेचाळीस हा आकडाही त्यांनी असा वाऱ्यावरून पकडला नव्हता. डेपोच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खिडकीतून शाळेचं मैदान समोर दिसायचं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाच वाजता तिथे मुलीचा सराव असे. चारशे मीटरची एक फेरी जोरात मारायची, थांबून दम खायचा, पुन्हा जोरात मारायची. याला इंटर्व्हल म्हणतात, हे त्यांना मुलीनेच सांगितलं होतं. तेव्हापासून दोन महिने ते खिडकीत स्टॉपवॉच घेऊन उभे राहत आणि पिवळा बनियन सुटला की बटण दाबत.

पिवळा बनियन म्हणायचं कारण, त्यापलीकडे त्यांना फारसं दिसत नसे. चष्म्याचा लांबचा नंबर बदलून तीन वर्षं झाली होती. पण वेळापत्रकं जवळूनच वाचायची असतात, म्हणून ते काम मागे पडलं होतं.

वहीतले आकडे मात्र लखलखीत होते. बारा फेऱ्या, प्रत्येक सरासरी अठ्ठ्याऐंशी सेकंद, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये विश्रांती फक्त दहा सेकंद. शर्यत साडेसात फेऱ्यांची. जी मुलगी दहा-दहा सेकंद थांबून बारा फेऱ्या अठ्ठ्याऐंशीने मारते, ती साडेसात फेऱ्या शहाऐंशीने सहज मारेल. शहाऐंशी गुणिले साडेसात, सहाशे पंचेचाळीस सेकंद. आंतरशालेय स्पर्धेचा विक्रम दहा बावन्नचा होता.

"बारा फेऱ्या मारून ही घरी इतकी ताजीतवानी कशी येते?" आईने विचारलं. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती आणि दिवसाकाठी शंभर दमलेली माणसं बघत होती.

"तोच तर मुद्दा आहे," वडील म्हणाले. "क्षमता."

"आज शेवटची फेरी सत्त्याऐंशी आली तुझी," ते मुलीला म्हणाले.

"हो का," मुलगी म्हणाली आणि तिने भूगोलाचं पान उलटलं.

तरी एकदा खात्री करून घ्यावी म्हणून ते शुक्रवारी क्रीडाशिक्षिकेला मैदानाच्या फाटकाशी गाठायला गेले. तिच्या गळ्यात शिट्टी होती, हातात पाच पाण्याच्या बाटल्या होत्या आणि लांब उडीच्या खड्ड्यात कोणीतरी रडत होतं.

"मॅडम, माझ्या अंदाजाने दहा पंचेचाळीस."

"अकरा पन्नास ते बारा," क्रीडाशिक्षिका म्हणाली. "छान वेळ आहे तिच्या वयाला."

"फेरी अठ्ठ्याऐंशीची येते ना?"

"येते."

"आणि फेऱ्या बारा होतात ना?"

"होतात की, बारा. पण काय आहे, त्या—" एवढ्यात खड्ड्यातलं रडणं वाढलं आणि ती बाटल्यांसकट तिकडे पळाली.

टाइमटेबलसाहेब समाधानाने परतले. दोन्ही आकडे जुळले होते. बाईंना फक्त गुणाकार जमत नव्हता. "त्या जवळून बघतात," त्यांनी घरी सांगितलं. "जवळून माणूस दिसतो, आकडा दिसत नाही."

डेपोत ही बातमी चहाबरोबर फिरली. आपल्या टाइमटेबलसाहेबांची मुलगी विक्रम मोडणार म्हटल्यावर डेपो मॅनेजरने पुढच्या शनिवारची एक जादा बस काढली आणि सुट्टीवरचे चाळीस ड्रायव्हर-कंडक्टर स्पर्धेला न्यायचं ठरवलं. एका कंडक्टरची भाची दुसऱ्या शाळेत होती. तिथून आकडा त्या शाळेत गेला. तिथल्या मुलींनी तो तिसऱ्या शाळेत पोचवला. पुढच्या गुरुवारपर्यंत तो मुलीच्याच शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या कानावर आला, आणि त्यांनी 'नव्या विक्रमाबद्दल हार्दिक अभिनंदन' असा सहा फुटी फलक छापायला टाकला. सांगताना कोणीही आकडा बदलला नाही. पंचेचाळीस सेकंदांना असा काही नेमकेपणा असतो की ऐकणाऱ्याला शंका घ्यायची लाज वाटते.

शनिवारी सकाळी वडिलांनी मुलीच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पेनाने प्रत्येक फेरीची वेळ लिहिली. १:२६, २:५२, ४:१८, अशी शेवटपर्यंत.

"हे फक्त बघत राहायचं," ते म्हणाले. "बाकी विचार करायचा नाही."

"बरं," मुलगी म्हणाली.

स्टेडियमवर चाळीस खाकी शर्ट एका ओळीत बसले. लाउडस्पीकरवाला सांगत होता की मुलींच्या तीन हजारमध्ये आज मोठी अपेक्षा आहे. टाइमटेबलसाहेब दोरीजवळ उभे राहून स्टॉपवॉच पुसत होते. मुलगी आत, धावपटूंच्या तंबूकडे निघालेली त्यांना दिसली. मग त्यांच्या शेजारून ती पुन्हा गेली. पिवळा बनियन, दोन वेण्या, तीच उंची.

"अगं, तू आत गेलीस ना?"

"मी नाही काका, ती गेली," ती म्हणाली. "माझी पंधराशे मीटर आहे, नंतर. मी झेरॉक्स."

"कोण?"

"वर्गात मला झेरॉक्स म्हणतात. आम्ही मागून सारख्या दिसतो म्हणून. सरावाला पण मॅडमनी आमची जोडीच लावली आहे. ती एक राउंड मारते तेव्हा मी बसते, मी मारते तेव्हा ती बसते."

टाइमटेबलसाहेबांचा रुमाल स्टॉपवॉचवर थांबला. "म्हणजे बारा फेऱ्या..."

"सहा तिच्या, सहा माझ्या."

"आणि दहा सेकंदांची विश्रांती?"

"ती विश्रांती नाही. एकीने येऊन टाळी दिली की दुसरी उठून रेषेवर येते आणि सुटते. विश्रांती मिळते शंभर-सव्वाशे सेकंद. नाहीतर मरून जाऊ काका."

त्यांनी बायकोला फोन लावला. ती लॅबमध्ये होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही दोघींचं रक्त एका नळीत घातलंत," ती म्हणाली, "आणि एकीचा रिपोर्ट काढलात."

"आता काय करू?"

"रिपोर्ट परत घ्या. पेशंटने औषध घ्यायच्या आत."

पेशंट सुरुवातीच्या रेषेवर उभी होती आणि औषध तिच्या हातावर पेनाने लिहिलेलं होतं. साडेसात फेऱ्यांची शर्यत. पहिल्या तीन फेऱ्या शहाऐंशीने मारल्या तर चौथीला पोरगी आडवी होईल, एवढं गणित त्यांना आता बिनचूक येत होतं. जिल्ह्याच्या संघात पहिल्या दोघींची निवड होणार होती. ती दोन वर्षं त्यासाठी घाम गाळत होती. ते रेषेकडे धावले, तोच पिस्तूल वाजलं.

पहिली फेरी पुरी करून पिवळा बनियन सगळ्यांच्या पुढे समोरून गेला तेव्हा त्यांनी बटण दाबलं. एक मिनिट सव्वीस सेकंद.

बावीस वर्षांत त्यांची एकही बस अशी सेकंदाबरहुकूम धावली नव्हती. आणि आज जे काही वेळेवर धावत होतं ते त्यांना थांबवायचं होतं.

"हळू," ते ओरडले. मुलगी वळणावर गेली होती. ते दोरीखालून आत शिरले आणि मैदान तिरकं कापत पलीकडच्या बाजूला धावले. "हळू. अगं हळू पळ."

लाल झेंडीवाला पंच आडवा आला. "साहेब, पालकांनी दोरीबाहेर."

"अहो, ती फार वेगात पळते आहे."

"मग चांगलंच आहे ना?"

"चांगलं नाहीये, दोघींचं मिळून आहे ते," असं म्हणून ते त्याला वळसा घालून पुढे गेले.

चाळीस खाकी शर्टांनी हे पाहिलं. टाइमटेबलसाहेब हळू म्हणतात म्हणजे त्यामागे काहीतरी योजना असणार, यावर त्यांचं एकमत झालं. कंडक्टरांचे आवाज भरलेल्या बसच्या मागच्या दारापर्यंत पोचायला घडवलेले असतात. त्यांनी एका सुरात सुरुवात केली. "हळू. हळू. हळू."

आता हे मैदानभर ऐकू जात होतं. मुलगी दुसऱ्या फेरीत सैलावली. तिच्या मागे गेल्या वर्षीची विजेती होती, लांब ढांगांची, अकरा तीसला आरामात येणारी. तिच्या शाळेचे शिक्षक कडेला उभे होते. त्यांनी दहा पंचेचाळीसचा आकडा बुधवारीच ऐकला होता. विक्रम मोडायला निघालेल्या मुलीचा बाप, आणि त्याच्यासोबत आलेली चाळीस माणसं तिला हळू पळायला सांगतात, म्हणजे शेवटासाठी काय राखून ठेवलं असेल, या विचाराने त्यांना घाम फुटला.

"पुढे जाऊ नकोस," ते विजेतीला ओरडून म्हणाले. "तिच्या मागेच राहा. ती शेवटी सुटणार आहे."

विजेती मागे राहिली. ती मागे राहिली म्हणून तिसरी, चौथी आणि पाचवीही मागे राहिल्या. फेरीला अठ्ठ्याण्णव सेकंद लागू लागले. अकरा मुलींची ती रांग एखाद्या वरातीसारखी निवांत चालली होती आणि कोणीच पुढे व्हायला तयार नव्हतं. लाउडस्पीकरवाल्याला काय बोलावं कळेना, म्हणून त्याने हरवलेल्या किल्ल्यांची सूचना वाचून दाखवली. मुख्याध्यापिकेने फलक उलगडायला घेतला होता, तो पुन्हा गुंडाळला.

शेवटची अर्धी फेरी राहिली आणि पिवळा बनियन सुटला. दोन महिने पूर्ण दम खाऊन खाऊन वेगाच्याच फेऱ्या मारलेली ती पोरगी, तिला दोनशे मीटर म्हणजे हातचा मळ. विजेतीच्या लांब ढांगांना वेग घ्यायला तीस मीटर लागले. तेवढ्यात पुढची निसटली होती. मुलगी चार पावलांनी जिंकली. वेळ, अकरा मिनिटं बावन्न सेकंद.

"अकरा पन्नास ते बारा," क्रीडाशिक्षिका जाता जाता म्हणाली आणि तिने आपल्या कागदावर बरोबरची खूण केली. मुख्याध्यापिकेने फलक असा दुमडून धरला की त्यातलं फक्त 'हार्दिक अभिनंदन' दिसावं. खाकी शर्ट उठून नाचत होते.

टाइमटेबलसाहेब गवतावर बसले होते. मुलगी येऊन शेजारी टेकली.

"माझं चुकलं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य मुलीने पहिल्यांदाच ऐकलं. "मी दोघींच्या फेऱ्या एकत्र मोजल्या. तुझा जीव गेला असता."

"मला माहीत होतं, बाबा."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. सांगणार होते, पण तुम्ही इतके मन लावून लिहीत होता. मग तो आकडा त्या विजेतीच्या शाळेत पोचला, आणि तिने मला बसस्टॉपवर स्वतःहून जागा दिली. तेव्हा म्हटलं, राहू दे." तिने हातावरचे आकडे ओल्या फडक्याने पुसायला घेतले. "पहिली फेरी मुद्दाम तुमच्या वेळेत मारली. सगळ्यांना खरं वाटायला एक पुरे होती. पुढे मी हळू होणारच होते. ते तुम्ही ओरडून ओरडून सांगाल हे मात्र डोक्यात नव्हतं. त्याचा फार उपयोग झाला."

वडिलांना यावर काय वाटून घ्यावं ते ठरवता येईना. आयुष्यातला सगळ्यात चुकलेला अंदाज सगळ्यात कामाला आला होता. ते चष्मा काढून पुसत राहिले.

समोर झेरॉक्स येऊन उभी राहिली. पंधराशेची पुकार झाली होती. तिने आधी बाजूला पाहिलं. विजेतीच्या शाळेचे शिक्षक हाताच्या अंतरावर उभे राहून बुटाची नाडी बांधत होते, पण नाडी केव्हाच बांधून झाली होती.

"काका," झेरॉक्स म्हणाली, "माझे आकडेपण तुमच्याच वहीत आहेत ना? माझी वेळ किती येईल, जरा मोठ्याने सांगता का?"

टाइमटेबलसाहेब उठले. पँटवरचं गवत झटकलं, चष्मा लावला आणि वहीचं पान न उघडताच, बावीस वर्षांच्या अनुभवाच्या आवाजात म्हणाले, "चार मिनिटं एकोणपन्नास सेकंद. पन्नास नाही. एकोणपन्नास."