बंडप्पाअण्णांची हजेरी

बंडप्पाअण्णांच्या दुकानात काम करणारा माणूस एकच, ते स्वतः. तरी रोज सकाळी कुलूप काढलं की आधी ते हजेरीपट उघडायचे, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे आणि आपली सही ठोकायचे. नऊवर पाच मिनिटं जरी झाली, तरी लाल शाईनं स्वतःलाच 'लेट' लिहायचे आणि तासभर स्वतःवरच फुगून बसायचे. अशा वेळी कुणी शिलाई मशीन दुरुस्तीला आणलं, तर त्याची धडगत नसे.

बीदरला ते आमचे शेजारी. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. तरुणपणी कुठल्याशा गिरणीत हजेरी-कारकून होते. गिरणी बंद पडली, पण अण्णांची हजेरी काही सुटली नाही. "हजेरीत न्हाई ते घडलंच न्हाई," असं ते ऊठसूट बजावत.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मी बी.कॉम. होऊन हैदराबादच्या एका मॅनेजमेंट कॉलेजचा अर्ज आणला. त्यात 'कामाचा अनुभव' असा रकाना, आणि माझा अनुभव म्हणजे गणपतीची वर्गणी गोळा करणं. माझे वडील शाळामास्तर. ते मला अण्णांकडे घेऊन गेले.

"अण्णा, पोरानं दोन वर्षं तुमच्याकडं काम केलं म्हणून लिहून द्या की."

अण्णांनी चष्मा काढला. "मास्तर, तुमी मला खोटं लिव्हायला सांगायलाव? कामून? उद्यापासून पोरगं धाडा. जितके दिवस येईल, तितके लिव्हतो."

मुदतीला एकोणीस दिवस उरले होते. एकोणीस दिवस मी तेल घातलं, सुया बदलल्या, पट्टे चढवले. शेवटी अण्णांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत दाखला मिळाला: 'एकोणीस दिवस हजर. तीनदा लेट. एका मशीनची सुई उलटी बसवली, विचारायच्या आत कबूल केलं.' मी रडायचाच बाकी होतो. पण दुसरा दाखला होता कुठे?

मुलाखतीत एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी तो मोठ्यानं वाचला. सगळे पोट धरून हसले, आणि मग त्या उलट्या सुईवरच मला वीस मिनिटं विचारत राहिले. मला प्रवेश मिळाला.

पुढे मुंबईला नोकरी लागली, वडिलांची बदली झाली आणि बीदर सुटलं. अण्णांना मी एक पत्रही लिहिलं नाही, याची आजही लाज वाटते. सात वर्षांनी कामानिमित्त गेलो, तेव्हा दुकानात शिरलो. अण्णा वाकले होते. हजेरीपट उघडाच होता. त्यात दोन नावं होती. दुसरं माझं, आणि त्यापुढे रोज एकच शब्द: 'रजा'.

"अण्णा, मी तर कधीच सोडून गेलो!"

"व्हय? मग राजीनामा कुठं दिलास?"

मी हसलो आणि मागची पानं चाळली. एकही दिवस चुकलेला नव्हता.

अण्णांनी पेन पुढे केलं. "आज आलास न्हवं? कर सही."

मी सही केली. वेळ मात्र तेच लिहीत. घड्याळात साडेअकरा वाजले होते. अण्णांनी ते नीट बघितलं, आणि निळ्या शाईनं लिहिलं, 'नऊ वाजता हजर.'