चोवीस भेंड्या आणि बाबांचा कोट

आमची पहिली भेंडी अठ्ठेचाळिसाव्या दिवशी निघणार होती. हा अंदाज नव्हता, हिशेब होता. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि भिवंडीतल्या एका ज्युनियर कॉलेजात अकरा वर्षं मुलांना बी कसं रुजतं ते शिकवते आहे. या अकरा वर्षांत मी स्वतः एकही झाड लावलं नव्हतं, पण ती गोष्ट मला महत्त्वाची वाटली नाही. हृदयरोगाच्या डॉक्टरला तरी कुठे स्वतःला झटका आलेला असतो!

भेंडी लावायची होती ती माझ्या सासऱ्यांसाठी. दिवाळीत बाबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. महिन्याभरात अंग सुधारलं. डॉक्टर म्हणाले, पाय चांगले आहेत, चालायला हरकत नाही. पण बाबा चालले नाहीत. ते भिंतीकडे तोंड करून झोपले आणि तसेच राहिले. जेवण दोन घास. बोलणं त्याहून कमी. डॉक्टरांनी शेवटी भावेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बाजूला घेऊन सांगितलं की यांना उठायला काहीतरी कारण द्या, नाहीतर हे असेच संपतील.

जानेवारीत एकदा मी बाजारातल्या भेंडीची भाजी वाढली. बाबांनी एक फोड खाल्ली, ताट सरकवलं आणि भिंतीला सांगितलं, "नाल्यावरची भेंडी कवळी असायची."

नाल्यावर आमचं शेत होतं. आता तिथे गोडाऊन आहे. वळ गावात दुसरं काही उगवतच नाही. भावेश त्याच गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे बाबांची भेंडी जिथे व्हायची तिथे आता चार नंबरचा डॉक आहे, कंटेनर लागतात. जमीन दोघा भावांच्या नावावर होती. धाकटे सावळारामकाका सहीला आधी तयार झाले, बाबांना मागून करावी लागली. तेव्हापासून सहा वर्षं दोघे भाऊ बोलत नाहीत. काका आमच्यापासून चार घरं सोडून राहतात. समोरासमोर आले तर दोघेही थांबून चपलेतला खडा काढतात. गावात इतके खडे नाहीत.

तर आम्ही भेंडी लावायची ठरवली. घराच्या मागे, मोरी आणि गोडाऊनची कंपाउंड वॉल यांच्यामध्ये, बारा फूट बाय नऊ फुटांचा तुकडा होता. बाबांच्या खाटेशेजारची खिडकी तिकडेच उघडते. ते भिंतीकडे तोंड करून असले तरी कधीतरी कूस बदलतील, आणि बदलली तर झाडं दिसतील, हा माझा विचार. मी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. भावेशने दोन रविवार खणलं. त्यात मुरूम, फरशीचे तुकडे आणि यंत्रमागाचा एक मोडका धोटा निघाला. माती निघाली नाही, ती आम्ही पडघ्याहून पोत्यांतून आणली. मी ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासली आणि चोवीस बिया, प्रत्येकी पट्टीने मोजून दोन सेंटीमीटर खोल लावल्या.

सहाव्या दिवशी कोंब आले. सातव्या दिवशी कबुतरं आली.

ही कबुतरं गोडाऊनच्या पत्र्याखाली राहतात आणि त्यांना दिवसभर काम नसतं. त्यांनी सतरा कोंब खुडले. भावेशने त्याचं ड्युटीवरचं नारिंगी जाकीट एका काठीला अडकवून उभं केलं. एक कबूतर त्याच्या खांद्यावर बसलं, दुसरं खिशात डोकावलं. मला कारण लगेच कळलं. ती पिढ्यानपिढ्या नारिंगी जाकिटांतच वाढली होती, त्यांच्या दृष्टीने हा घरचाच माणूस. भीती वाटायला हवी तर कपडा अनोळखी पाहिजे.

कपाटात बाबांचा कोट होता. तपकिरी, आतून पिवळ्या अस्तराचा. नणंदेच्या लग्नात शिवलेला. त्यानंतर गावातल्या प्रत्येक लग्नाला, ग्रामसभेला आणि भांडणाला तो कोट हजर असायचा. लोक बाबांना लांबून ओळखत ते चेहऱ्यावरून नव्हे, कोटावरून. दिवाळीपासून तो कपाटात नुसता लोंबकळत होता.

सासूबाई, म्हणजे पुतळाबाई, त्या दिवशी पडघ्याला गेल्या होत्या, त्यांच्या बहिणीकडे, आक्काच्या नातवाच्या हळदीला. त्या असत्या तर पुढचं काही झालंच नसतं. आमच्याकडे जिवंत माणसाचा कपडा बुजगावण्याला घालत नाहीत. माणूस गेल्यावर त्याचे कपडे घराबाहेर निघतात, तोपर्यंत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कल्याणची, नऊ वर्षांपूर्वी इथे आलेली. आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नव्हतं.

मी बुजगावणं नीट केलं. अर्धवट काम मला जमत नाही. बाबांची उंची पाच फूट सहा इंच, तेवढीच काठी. खांदे दीड फूट. बाबा डावीकडे किंचित झुकून उभे राहत, म्हणून तोही झुकवला. डोक्यावर त्यांची टोपी. मी डावा हात सुतळीने बांधत होते तेव्हा शेजारच्या तुळजाकाकू कढीपत्ता न्यायला आल्या.

त्यांनी कोट पाहिला. मग खिडकीतून आत पाहिलं. आत बाबा होते, उजेड नको म्हणून डोक्यावरून पायापर्यंत चादर ओढून. हे ते रोजच करत, पण काकूंना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कदी?"

"आत्ताच. अर्धा तास झाला."

"पुतळाबाईला कळवला?"

"नाही. संध्याकाळी आल्या की बघतीलच," मी म्हणाले. "उगाच कशाला हळदीत विघ्न?" कोट पाहून सासूबाई मला काय बोलतील, याची मला खरोखर काळजी होती.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी सुतळीला दुसरी गाठ मारली. त्या कढीपत्ता न घेताच गेल्या. पुढे मला कळलं की त्यांनी पहिल्याच घरात जाऊन सांगितलं होतं, सून दगडाची हाय, एक टिपूस न्हाय डोल्यात.

मी हात धुऊन आत गेले आणि बारावीचे पेपर तपासायला बसले. पेपर तपासताना मी फोन आवाज बंद करून स्वयंपाकघरात ठेवते. त्यावर नंतर एकेचाळीस मिस्ड कॉल निघाले.

आमचं गाव एरवी सुस्त आहे. गटार फुटलं तर आठवडा जातो. पण मयताच्या कामाला कुणाला बोलवावं लागत नाही. वीस मिनिटांत बांबू निघाले. कुणीतरी मडकं आणलं. स्मशानाच्या रस्त्यावर कंटेनर उभे होते ते हलवायला माणसं गोडाऊनवर गेली, आणि तिथे ड्युटीवर होता भावेश. त्याने स्वतः शिट्ट्या मारून सहा कंटेनर मागे घेतले आणि मग विचारलं, कोण गेलं?

मुलाला असं तोंडावर सांगत नाहीत. ते म्हणाले, "तू घरी जा. बाबांना जरा जास्त हाय."

भावेश चपला तिथेच टाकून पळत निघाला.

इकडे मी अठराव्या पेपरवर होते. मागच्या बाजूला पावलांचा आवाज आला. वर पाहिलं तर माझ्या बागेत माणसं उभी होती. दहा, मग वीस, मग मोजणं कठीण. घराच्या पुढे रस्ता आणि ट्रक, त्यामुळे उभं राहायला मोकळी जागा तेवढीच. बायका मोरीच्या कट्ट्यावर बसल्या. एकीने सूर लावला. मी लाल पेन हातात घेऊन दारात गेले आणि म्हणाले, "वाफ्यात उभे राहू नका." त्यावर दोघीतिघींनी मला जवळ घेतलं. एक म्हणाली, डोक्यावर परिणाम झालाय पोरीच्या.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि सावळारामकाका आले. सहा वर्षांत पहिल्यांदा आमच्या दारात. त्यांनी कोटाकडे एकदा पाहिलं, मान खाली घातली, आणि माझ्या बाजूने सरळ आत गेले. मी मागोमाग गेले. मला समजावून सांगायचं होतं. पण समजावण्याआधी मला मुद्दे नीट लावावे लागतात, आणि काका तोवर खाटेजवळ जमिनीवर बसले होते.

बाबांचं तोंड भिंतीकडे, अंगावर चादर. काकांनी चादरीवर हात ठेवला.

"दादा," ते म्हणाले, "चूक माझी झाली. मला घाई झाली. पन तू एकदा तोंड उघडून शिवी द्यायची होतीस. मी वाट बघत व्हतो. चार घरं लांब व्हतो रं, दादा."

आणि मग ते रडले. सत्तर वर्षांचा माणूस रडतो तेव्हा आवाज फार होत नाही, खांदेच हलतात.

चादर हलली.

"सावळ्या," बाबा भिंतीला म्हणाले, "माझा कोट कोनी काढला?"

काका उडाले ते थेट माझ्या पायावर. दारातले दोघे बाहेर पळाले आणि त्यांनी बाहेर काय सांगितलं कोण जाणे, मोरीवरून एकदम किंकाळ्या आल्या. त्याच क्षणी पुढच्या दारातून भावेश अनवाणी आत आला आणि त्याच्यामागे पडघ्याहून आलेल्या जीपमधून सासूबाई, आक्का आणि हळदीचे अकरा पाहुणे. नवरदेवही आला होता, पिवळाधमक.

बाबा उठून बसले. कुणी हात दिला नाही, कुणाला सुचलंच नाही. त्यांनी पाय खाली सोडले, काकांच्या खांद्यावर हात टाकला आणि उभे राहिले. खाटेपासून मागच्या दारापर्यंत चौदा पावलं आहेत. ती त्यांनी चालून दाखवली. गावाने वाट दिली. दारात थांबून त्यांनी बाहेर पाहिलं. बाहेर ते स्वतः उभे होते, डावीकडे झुकून.

सासूबाई आतापर्यंत पडघा ते वळ रडत आल्या होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"चार महिने उठ म्हटला तर उठला न्हाय," त्या म्हणाल्या. "आनि आता मेल्यावर उठला."

मग त्या कुणाकडे न बघता आत गेल्या.

बाबांनी मला विचारलं, भेंडी कुठे आहे. मी दाखवली. म्हणजे ती जिथे होती ती जागा दाखवली, तिथे आता काकांचे शेजारी उभे होते. कबुतरांनी सोडलेली सात रोपं होती. सहांवर गाव उभं होतं. सातवं वाचलं, कारण ते बुजगावण्याच्या अगदी पायाशी होतं आणि कोटाच्या जवळ जाऊन उभं राहायची कुणाची हिंमत झाली नव्हती. हे निरीक्षण मी त्या वेळीही नोंदवलं.

हळूहळू सगळे गेले. जाताना काहीजण माझ्याकडे असे बघत गेले की जणू मी त्यांची फसवणूक केली होती. मडकं परत नेलं गेलं. बांबू मात्र कुणी नेईना. तिरडीसाठी आणलेले बांबू परत घरात कसे न्यायचे? बाबा तेवढं म्हणाले, वाया घालवू नको, दुधीचा मांडव कर. सासूबाईंनी हे ऐकून तीन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. बांबू अजून भिंतीला टेकून आहेत. कोटही बाहेरच आहे, कारण बाहेर गेलेला कोट सासूबाई घरात घेऊ देत नाहीत. कबुतरं त्याच्या खिशात अंडी घालतात.

बाबा त्या चौदा पावलांनंतर पुन्हा झोपले. पंधरावं पाऊल आजवर पडलेलं नाही. फरक एवढाच की आता तोंड खिडकीकडे असतं. आणि रोज पाच वाजता काका येतात. खाटेजवळ बसतात. दोघे कोटाकडे बघत बसतात आणि काही बोलत नाहीत. पण न बोलण्याचे प्रकार असतात, हे मला आता कळायला लागलं आहे.

उरलेल्या रोपाला भेंडी आली. एकच. दुपारी सव्वा वाजता गोडाऊनची सावली वाफ्यावर येते, ती मी नकाशात धरलेली नव्हती, म्हणून अठ्ठेचाळिसाऐवजी एकसष्टावा दिवस उजाडला. पुस्तकात लिहिलं होतं, दहा सेंटीमीटरची झाली की तोडा. ती साडेआठला थांबली. मी रोज सकाळी पट्टी लावत होते. दहा दिवस वाट पाहिली. ती काही दहाची झाली नाही, तेव्हा मी नाइलाजाने तोडली, सात चकत्या केल्या, परतल्या, आणि पाच वाजता बशीत घालून दोघांसमोर ठेवल्या. मग लोणचं आणायला आत गेले.

परत येताना दाराशी थांबले, कारण बाबा चावत होते. बराच वेळ चावत होते.

"जून हाय," ते म्हणाले.

काकांनी एक चकती तोंडात टाकली. "जून कसली, सुतली हाय."

"हलू बोल," बाबा म्हणाले. "शिकलेली हाय ती. मनाला लागंल." आणि त्यांनी बशी काकांच्या पुढ्यात सरकवली. "तीन मी खाल्ल्या. उरलेल्या तू गिल. बशी रिकामी गेली पायजे."

मी लोणचं घेऊन तिथेच उभी राहिले. उरलेल्या तिन्ही चकत्या संपेपर्यंत खोलीत जाता येईना.